पदक आणि प्रात्यक्षिक : १९३६ सालचे दोन खेळ

१९३६ साली जर्मनीत दोन ऑलिंपिक भरली. त्या काळी हिवाळी आणि उन्हाळी स्पर्धा एकाच वर्षी होत असत. फेब्रुवारीत बव्हेरियातील गार्मिश-पार्टेनकिर्शन येथे बर्फावरची स्पर्धा झाली आणि ऑगस्टमध्ये बर्लिन येथे मैदानावरची.

गार्मिशला अल्पाइन स्कीइंग, म्हणजे डोंगरउतारावरून स्कीवर वेगाने घसरत येण्याची शर्यत, ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा पदकासाठी खेळली गेली. बर्लिनला वऱ्हाडातील अमरावतीहून गेलेल्या तरुणांच्या एका पथकाने कबड्डी, मल्लखांब आणि इतर देशी व्यायामप्रकार जगाला करून दाखवले. बर्फावर घसरणाऱ्यांची नावे निकालपत्रकात नोंदली गेली. मल्लखांबावर चढणाऱ्यांसाठी निकालपत्रकच नव्हते.

वयाचा विचार केला तर हा प्रकार उलटा वाटतो. मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात सापडतो. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले, ही परंपरा महाराष्ट्रात सर्वज्ञात आहे. स्की हे साधन हजारो वर्षांपूर्वीचे खरे. परंतु काठ्यांच्या जोड्यांमधून वळणे घेत उतरण्याची ‘स्लॅलम’ शर्यत आजच्या स्वरूपात सुरू झाली ती १९२२ मध्ये. गार्मिशच्या वेळी ती अवघी चौदा वर्षांची होती. चौदा वर्षांचा खेळ पदकापर्यंत पोहोचला आणि शतकांचा खेळ प्रात्यक्षिकावर थांबला, हे कसे घडले?

या प्रश्नाचा माग काढताना पहिला थांबा अनपेक्षित ठिकाणी येतो, तो म्हणजे मद्रास.

आधुनिक स्लॅलमचा जनक मानला जाणारा अर्नोल्ड लन १८८८ मध्ये मद्रासला जन्मला. वडील हेन्री लन मेथडिस्ट पंथाचे वैद्यकीय मिशनरी होते. भारतातून परतल्यावर ते प्रवासव्यवसायात शिरले आणि इंग्रज उच्चवर्गीयांना हिवाळ्यात स्वित्झर्लंडला नेऊ लागले. मुलगा ऑक्सफर्डला शिकला, गिर्यारोहक झाला आणि आल्प्समध्ये रमला.

१९११ मध्ये लनने स्वित्झर्लंडमधील मोंतानाला उतरणीची शर्यत भरवली. तिच्या करंडकाला नाव होते ‘रॉबर्ट्स ऑफ कंदाहार’. हे रॉबर्ट्स म्हणजे कानपूरला जन्मलेले, १८८० मध्ये काबूलहून कंदाहारपर्यंत फौज नेणारे आणि पुढे हिंदुस्थानचे सरसेनापती झालेले लॉर्ड रॉबर्ट्स. त्यामुळे आल्प्समधील एका करंडकाला, मग म्युरेन येथील एका क्लबला आणि पुढे गार्मिशमधील प्रसिद्ध उतारालाही ‘कंदाहार’ हे नाव चिकटले. आज दूरचित्रवाणीवर विश्वचषकाची शर्यत पाहताना समालोचक ‘कंदाहार’ म्हणतो, तेव्हा अफगाण युद्धाचा धूसर प्रतिध्वनी त्यात असतो. साम्राज्याचा इतिहास अशा आडवाटांनी भेटतो.

लनचे खरे योगदान मात्र करंडकात नाही. त्यापूर्वी स्कीवरील वळणांचे मूल्यमापन ‘शैली’वर होई. परीक्षक बाजूला उभे राहत आणि कोणाचे वळण अधिक देखणे ते ठरवत. जानेवारी १९२२ मध्ये म्युरेनला लनने काठ्या रोवल्या आणि नियम बदलला : सर्व काठ्यांमधून अचूक जा आणि लवकर पोहोचा, वळण कसे दिसते याच्याशी कोणालाही कर्तव्य नाही. परीक्षकाच्या डोळ्याची जागा घड्याळाने घेतली.

हा बदल क्षुल्लक वाटेल; पण देखणेपणाचा निकष गावागणिक बदलतो. नॉर्वेच्या माणसाला जे वळण सुंदर वाटेल ते ऑस्ट्रियाच्या माणसाला ओबडधोबड वाटू शकते. सेकंद मात्र ओस्लोत जेवढा तेवढाच म्युरेनमध्ये. मोजता येणारी गोष्ट सीमा ओलांडते.

दुसरा टप्पा विद्यापीठांचा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातील स्की सामना १९२२ मध्ये वेंगेनला सुरू झाला. १९२४ मध्ये वाल्टर आमश्टुट्झ आणि त्याच्या मित्रांनी स्विस विद्यार्थ्यांचा ‘अकॅडेमिक स्की क्लब’ स्थापन केला. १९२५ च्या जानेवारीत म्युरेनला ब्रिटिश आणि स्विस विद्यापीठांचे संघ एकमेकांशी भिडले. विद्यार्थ्यांजवळ हिवाळ्याची सुट्टी होती, ईर्ष्या होती आणि पडून हातपाय मोडून घेण्याची तयारीही होती. नवा नियम वापरून पाहावा, तो फसला तर पुढच्या वर्षी दुरुस्त करावा, यासाठी याहून चांगली प्रयोगशाळा मिळाली नसती.

स्कीइंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघात तेव्हा नॉर्वे आणि इतर उत्तरेकडील देशांचे वजन होते. त्यांच्या दृष्टीने स्कीइंग म्हणजे सपाटीवरची दीर्घ दौड आणि उडी. उतारावर घसरणे त्यांना पर्यटकांचा चाळा वाटे. अखेर १९३० च्या ओस्लो अधिवेशनात डाउनहिल आणि स्लॅलम यांना मान्यता मिळाली, १९३१ मध्ये म्युरेनला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि पाच वर्षांत हा खेळ गार्मिशला पोहोचला. तेथे डाउनहिल आणि स्लॅलम यांचे गुण एकत्र करून एकच पदक होते. पुरुषांत फ्रान्झ फ्नूर आणि स्त्रियांत क्रिस्टल क्रान्झ, दोघेही जर्मन, सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. स्कीचे धंदेवाईक शिक्षक हौशी खेळाडू नव्हेत म्हणून त्यांना वगळले, तेव्हा ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्या पुरुष स्कीपटूंनी शर्यतीवर बहिष्कार घातला. नियम केले की नियमांवरून भांडणेही आली.

‘जायंट स्लॅलम’ हा यातला धाकटा भाऊ. १९३५ च्या सुमारास इटलीत त्याचे पहिले प्रयोग झाले. साध्या स्लॅलममध्ये काठ्या जवळजवळ असतात आणि चपळाई लागते. डाउनहिलमध्ये निव्वळ वेग आणि धाडस. जायंट स्लॅलम या दोहोंच्या मधला. काठ्यांच्या जोड्या, ज्यांना ‘गेट’ म्हणतात, दूर दूर रोवलेल्या. वेग मोठा, पण प्रत्येक वळण आधीच मनात आखून ठेवावे लागणारे. पुरुषांच्या ऑलिंपिक शर्यतीत वरच्या टोकापासून खालपर्यंत तीनशे ते साडेचारशे मीटर उंची उतरायची असते. आज शर्यतीच्या दोन फेऱ्या होतात, दुसरीसाठी काठ्या नव्याने रोवल्या जातात, दोन्ही वेळांची बेरीज होते आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यावर लागतो. एक गेट चुकले की स्पर्धक बाद. कितीही वेगवान असो, कितीही देखणा असो.

अमेरिकेतील महाविद्यालयांनी हा खेळ सांघिक केला. डार्टमथ महाविद्यालयाचा आउटिंग क्लब १९०९ चा. महाविद्यालयांची राष्ट्रीय स्की अजिंक्यपद स्पर्धा १९५४ मध्ये नेवाडातील रेनो येथे सुरू झाली आणि पहिले विजेतेपद डेन्व्हर विद्यापीठाने मिळवले. पुढे जायंट स्लॅलम या स्पर्धेचा कायमचा भाग झाला. १९८३ पासून तेथे पुरुष आणि स्त्रिया यांचे गुण एकत्र करून एकच सांघिक विजेता ठरतो. वरवर पाहता उतारावर स्पर्धक एकटाच असतो. पण त्याच्या क्रमांकाचे गुण संघाच्या खात्यात जमा होतात. म्हणून एखादी विद्यार्थिनी शेवटच्या तीन गेटांवर घसरून पडली, तर सपाटीवरच्या शर्यतीत जीव तोडून धावलेल्या तिच्या सहकाऱ्याचीही मेहनत उणी होते.

आता वऱ्हाडाकडे वळू.

१९१४. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेले होते. निजामाकडून १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने घेतलेला हा कापसाचा मुलूख. अमरावतीत १८९७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन होऊन गेले होते आणि टिळकांचे स्नेही दादासाहेब खापर्डे यांच्यामुळे शहराचा राजकीय पारा कायम चढलेला असे. अशा शहरात अनंत आणि अंबादास वैद्य या बंधूंनी हनुमानाच्या नावाने व्यायामशाळा उभी केली. पुढे तीच ‘श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ’ म्हणून देशभर ओळखली गेली.

नावातील ‘प्रसारक’ हा शब्द महत्त्वाचा. एका तालमीत चार पहिलवान घडवणे हा तिचा हेतू नव्हता. शिक्षक तयार करायचे, त्यांनी आपापल्या गावी जाऊन मुलांना शिकवायचे, असा तो विचार होता. त्यासाठी उन्हाळी वर्ग भरत. अमरावतीचा उन्हाळा ज्याने भोगला आहे त्याला या वाक्याचे वजन कळेल. शाळांना सुट्टी तेव्हाच, म्हणून वर्गही तेव्हाच. हुतात्मा राजगुरू यांनीही येथे व्यायामाचे शिक्षण घेतले होते. ब्रिटिश पोलिसांची आखाड्यांवर नजर असे, यात नवल नाही. लाठी चालवायला शिकणारा मुलगा उद्या ती कोणावर चालवेल, ही शंका त्यांना अस्वस्थ करी.

याच सुमारास पुणे आणि बडोदे येथे वेगळे काम सुरू होते. खो-खोचे नियम ठरवण्यासाठी १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात समिती बसली आणि नियमांची पुस्तिका पुढे बडोद्याहून निघाली. हुतूतूचे सामने १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने सुधारित नियमांनी भरवले. बडोद्याचेच दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ रचला.

तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात : म्युरेनला काठ्या रोवल्या १९२२ मध्ये, बडोद्याला हुतूतूच्या रेषा आखल्या १९२३ मध्ये. दोन्हीकडे तरुण मंडळी तोच उद्योग करत होती. जुनी क्रीडा घेऊन तिला मोजमाप, वेळ आणि नियम यांच्या चौकटीत बसवणे. महाराष्ट्र यात मागे होता असे म्हणणे म्हणजे या मंडळींवर अन्याय होय.

तथापि घड्याळाशी आपली ओळख नवी होती, हेही खरे. सर दोराबजी टाटांनी १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात दहा वर्षांपूर्वीची एक आठवण नोंदवली आहे. डेक्कन जिमखान्यावरील शर्यती पाहून भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवावा असे त्यांच्या मनात आले. तेथील मंडळींशी बोलताना शंभर यार्ड धावण्यास किती वेळ लागावा याचा कोणालाच नेमका अंदाज नाही, असे त्यांना आढळले. येथे प्रश्न सेकंदाच्या दहाव्या भागाचा असतो, हे ऐकून मंडळी थक्क झाली. शेतकरी कुटुंबांतील ती मुले अनवाणी धावत होती आणि वेगवानही होती. त्यांचा वेग जगाच्या भाषेत कधी सांगितला गेला नव्हता, इतकेच. १९२० मध्ये अँटवर्पला जो संघ गेला त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये त्यांचा एकोणिसावा क्रमांक आला.

हा सगळा पूर्वेतिहास घेऊन अमरावतीचे पथक १९३६ मध्ये बर्लिनला पोहोचले.

समाजमाध्यमांवर या प्रसंगाची एक सुटसुटीत आवृत्ती फिरते : ‘१९३६ च्या ऑलिंपिकमध्ये कबड्डी होती.’ ती जरा तपासून घ्यावी लागते. त्या ऑलिंपिकचे प्रात्यक्षिक खेळ म्हणून ज्यांची नोंद होते ते बेसबॉल आणि ग्लायडिंग. परंतु ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनमध्ये शारीरिक शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद आणि त्या विषयाच्या विद्यार्थ्यांचे शिबिरही भरले होते. देशोदेशीच्या तरुणांनी तेथे आपापल्या व्यायामपद्धती दाखवल्या. अमरावतीच्या पथकाची कामगिरी या दालनातली आहे. यामुळे ती लहान ठरत नाही. उलट तिचे खरे स्वरूप कळते. हे खेळाडू स्पर्धक म्हणून गेले नव्हते, एका शिक्षणपद्धतीचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. परतंत्र देशातील, जिल्ह्याच्या गावची एक संस्था स्वतःच्या बळावर एवढे मोठे पथक समुद्रापार पाठवते, ही गोष्ट हॉकीच्या सुवर्णपदकाइतकी गाजली नाही. पण संघटनेच्या दृष्टीने ती तितकीच अवघड होती.

हिटलरने पथकाचे कौतुक केल्याच्या कथा वऱ्हाडात आवडीने सांगितल्या जातात. या कथांचा मोह आवरता घेतलेला बरा. नाझी राजवटीसाठी ते संपूर्ण ऑलिंपिक हा प्रचाराचा देखावा होता. त्याच राजवटीने ज्यू खेळाडूंना मैदानांवरून हाकलले होते. देशोदेशीची बळकट शरीरे आपल्या राजधानीत रांगेत उभी राहणे तिला हवेच होते. अमरावतीच्या तरुणांच्या मेहनतीला त्या प्रशस्तिपत्राची गरज नाही.

मग मूळ प्रश्न उरतो. १९२२ चा स्लॅलम आत आणि १९२३ चा हुतूतू बाहेर, असे का?

एक कारण उघड आहे, सत्ता. लनजवळ वडिलांचा प्रवासव्यवसाय होता, ऑक्सफर्ड-केंब्रिजचे विद्यार्थी होते आणि आंतरराष्ट्रीय महासंघात ब्रिटनच्या नावाने बोलण्याचा अधिकार होता. वैद्य बंधूंजवळ यांपैकी काहीच नव्हते. त्यांच्या देशाला स्वतःच्या नावाने बोलण्याची मुभा नव्हती.

दुसरे कारण एवढे उघड नाही आणि अभिमानाच्या भरात ते बहुधा वगळले जाते. कबड्डीला तेव्हा एक रूप नव्हते. महाराष्ट्रात हुतूतू, तमिळ प्रदेशात चडुगुडू, बंगालात हाडुडू. नावे निराळी आणि रीतीही निराळ्या. बाद झालेला गडी परत येऊ शकतो की नाही, एवढ्या एका मुद्द्यावरून खेळाचे ‘संजीवनी’, ‘गामिनी’ आणि ‘अमर’ असे तीन प्रकार पडत. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद केला की आपला एक गडी जिवंत होतो, गामिनीत बाद म्हणजे बादच, अमरमध्ये गडी बाद होऊनही खेळत राहतो आणि फक्त गुण मोजले जातात. यातला कोणता प्रकार बर्लिनच्या निकालपत्रकात लिहायचा? मल्लखांबाचा प्रश्न याहून अवघड. तेथे निकष सौष्ठवाचा, म्हणजे परीक्षकाच्या डोळ्याचा. जिम्नॅस्टिक्समध्येही तोच असतो, पण त्यांनी प्रत्येक कसरतीला गुण ठरवून देणारी संहिता हळूहळू तयार केली.

तिसरी गोष्ट म्हणजे आखाड्याला स्पर्धा हेच ध्येय वाटत नव्हते. शरीर कमवायचे ते देशकार्यासाठी, शिक्षक व्हायचे ते गावासाठी. पहिला कोण आला हा प्रश्न तेथे दुय्यम होता. १९४९ मध्ये स्टॉकहोमला ‘लिंगियाड’ हा जागतिक व्यायाममेळा भरला, तेव्हाही अमरावतीचे पथक गेले. तो मेळा मुळातच स्पर्धेविना होता. हा दोष मानण्याचे कारण नाही. फक्त या मार्गाने पदकाच्या मंचाकडे जाता येत नाही, हे लक्षात ठेवावे लागते.

१९५२ साल या दृष्टीने विलक्षण ठरले. फेब्रुवारीत ओस्लोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलमने पदार्पण केले. शर्यत नोरेफ्येल येथे झाली, तीही एकाच फेरीची. पुरुषांत यजमान नॉर्वेचा स्टाइन एरिक्सन आणि स्त्रियांत अमेरिकेची अँड्रिया मीड लॉरेन्स पहिल्या सुवर्णपदकाचे मानकरी झाले. ज्या नॉर्वेला उतारावरची घसरण चाळा वाटत होती, त्याच नॉर्वेचा मुलगा घरच्या प्रेक्षकांसमोर या प्रकारातला पहिला विजेता व्हावा!

त्याच वर्षी जुलैमध्ये हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकिगत कोल्हापुरात आजही आदराने सांगतात.

खाशाबांनी स्पर्धेच्या दृष्टीने केलेला बदल मात्र फारसा सांगितला जात नाही. ते मातीत वाढले आणि गादीवर लढले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले, तेव्हा आंतरराष्ट्रीय नियमांची आणि गादीची त्यांना फारशी सवय नव्हती. मातीत पाय रुततो, डाव मुरवायला वेळ मिळतो, कुस्ती अर्धा तासही चालते. गादीवर पाय सटकतो आणि घड्याळ चालू असते. चार वर्षांत त्यांनी देह तोच ठेवून व्याकरण बदलले. अमरावतीच्या पथकाला १९३६ मध्ये जे करण्याची संधीच नव्हती, ते एका महाविद्यालयीन मल्लाने १९५२ मध्ये करून दाखवले.

कबड्डीची वाट लांबची होती. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक खेळांत तिला स्थान मिळाले, १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला आणि संजीवनी पद्धत प्रमाण ठरली. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये ती पुन्हा प्रात्यक्षिक होती. पदकासाठी खेळली गेली १९९० मध्ये, बीजिंगला. बर्लिनपासून मोजले तर चोपन्न वर्षे. मल्लखांबाने राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचा उंबरठा ओलांडला तो तर अगदी अलीकडे, २०२२ मध्ये गुजरातला. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झाला आणि दोन्ही विजेतेपदे भारताला मिळाली.

बर्फाची बाजूही पुरी करून टाकू. गुलमर्गला ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ १९२७ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी काढला आणि १९४८ मध्ये तेथेच सैन्याची स्की शाळा सुरू झाली. १९८८ च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये शैलजा कुमार स्लॅलममध्ये उतरली. हिवाळी ऑलिंपिकमधील ती पहिली भारतीय स्त्री. २०२२ मध्ये बीजिंगला भारताचा एकमेव प्रतिनिधी होता तंगमर्गजवळचा आरिफ खान. जायंट स्लॅलमच्या दिवशी तेथे दाट बर्फ पडत होता आणि जवळपास निम्म्या स्पर्धकांना शर्यत पुरी करता आली नाही. आरिफने दोन्ही फेऱ्यांतले सर्व गेट पार केले आणि तो पंचेचाळिसावा आला. आपल्याकडील बातम्यांनी हे ‘निराशाजनक’ म्हटले. जायंट स्लॅलममध्ये खाली पोहोचणे म्हणजे काय, हे ठाऊक नसले की असे लिहिले जाते.

अमरावतीच्या दक्षिणेला नांदगाव खंडेश्वर आहे. तालुक्याचे गाव, यादवकालीन खंडेश्वराचे मंदिर, भोवती कापूस, तूर आणि सोयाबीन. हिमवर्षाव तर दूरच, मे महिन्यात दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. क्रीडाजगतात मात्र हे गाव धनुर्विद्येसाठी ओळखले जाते.

तिरंदाजीचा इतिहास या सगळ्या कथेची चावीच म्हणावा असा आहे. १९०० च्या ऑलिंपिकमध्ये ती होती. १९२० नंतर ती वगळली गेली, कारण प्रत्येक यजमान देश आपल्या पद्धतीने अंतर आणि लक्ष्य ठरवी. दोन देशांचे धनुर्धर एकाच नियमाने बाण सोडू शकत नव्हते. १९३१ मध्ये पोलंडच्या ल्वुफ शहरात आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, नियम एक झाले आणि तरीही ऑलिंपिकमध्ये परतायला १९७२ चे म्युनिक उजाडावे लागले. बाण तर माणसाने गुहेत राहताना बनवला होता. त्याला बावन्न वर्षे दाराबाहेर थांबवले ते नियमांच्या अभावाने.

आज रिकर्व्ह धनुष्यासाठी अंतर सत्तर मीटर, लक्ष्याचा व्यास एकशे बावीस सेंटिमीटर आणि मधले दहा गुणांचे वर्तुळ बारा सेंटिमीटरांहून किंचित मोठे. नांदगाव खंडेश्वरच्या मैदानावर हे माप जेवढे, तेवढेच सोलला. मेळघाटातल्या कोरकूंच्या हाती धनुष्य पिढ्यान्‌पिढ्या होते. पण तेथे माप शिकारीचे होते आणि बाण लागला की नाही एवढाच निकाल.

ऑक्टोबर २०२३. चीनमधील हांगझोऊ येथील एशियाड. ६ तारखेला पुरुषांच्या रिकर्व्ह संघाने रौप्यपदक मिळवले. अतनू दास, धीरज बोम्मदेवरा आणि अमरावती जिल्ह्यातील तुषार शेळके. अंतिम सामना दक्षिण कोरियाने जिंकला, पण हरल्याचे माप स्पष्ट होते आणि कोणाचीही तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी, ७ तारखेला, पुरुषांच्या कबड्डीची अंतिम लढत भारत आणि इराण यांच्यात झाली. सामना संपायला काही क्षण उरले असताना भारताचा चढाईपटू पवन सेहरावत कोणाला स्पर्श न करता ‘लॉबी’त गेला, त्याच्यामागे बचावपटूही गेले आणि गुण कोणाला, किती, यावर वाद पेटला. जुना नियम लावला तर एक निकाल, नवा लावला तर दुसरा. पंचांनी निर्णय दिला, बदलला, पुन्हा बदलला. खेळाडू मैदानात बसून राहिले. सुमारे तासभर सामना थांबला होता. अखेरीस भारत ३३–२९ असा जिंकला आणि निकाल पदकतालिकेत नोंदवला गेला.